बार्नेकल: जहाजांचा वेग गिळणाऱ्या आणि डार्विनला आठ वर्षे बांधून ठेवणाऱ्या जीवाचा इतिहास

१/
१६ जानेवारी १७८०. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाजवळचा, केप सेंट व्हिन्सेंटचा समुद्र. वेढ्यात अडकलेल्या जिब्राल्टरला रसद पोहोचवण्यासाठी निघालेल्या अ‍ॅडमिरल जॉर्ज रॉडनीच्या ब्रिटिश आरमाराला दुपारी स्पॅनिश जहाजे दिसली. स्पॅनिश सेनानी हुआन दे लांगारा याच्याकडील मोठ्या युद्धनौका ब्रिटिशांच्या जवळजवळ निम्म्याच होत्या. शत्रूचे बळ ध्यानात येताच त्याने माघार घेतली. वारा जोराचा होता, दिवस हिवाळ्याचा आणि लहान होता. अंधार पडेपर्यंत अंतर राखले असते, तर त्याची सुटका झाली असती.

२/
पण अंतर राहिले नाही. ब्रिटिश जहाजांनी एकेक करून त्याला गाठले. चंद्रप्रकाशात मध्यरात्र उलटेपर्यंत लढाई चालली. ‘सांतो दोमिंगो’ हे स्पॅनिश जहाज स्फोटात नष्ट झाले आणि लांगारा स्वतः आपल्या ‘फेनिक्स’ या ध्वजनौकेसह कैद झाला. इतिहासात ही ‘चांदण्यातील लढाई’ म्हणून ओळखली जाते. या विजयाचे मोठे श्रेय रॉडनीने तोफांना न देता जहाजांच्या तळांवर ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला दिले. तांबे नसते तर शत्रू हाती लागलाच नसता, असे त्याचे म्हणणे होते.

३/
तांब्याचा तो पत्रा ज्यांच्याविरुद्ध ठोकला होता, त्यांत एक बोटाच्या पेराएवढा जीव होता. त्याचे नाव बार्नेकल. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर चालताना पायाला टोचणारे, पांढुरके, बुटक्या ज्वालामुखीसारखे दिसणारे जे कवचांचे थर असतात, तेच हे. या जीवाने आरमारांच्या हालचाली, गोद्यांची बांधणी, धातूंचा व्यापार आणि उत्क्रांतीच्या सिद्धान्ताची जडणघडण या सर्वांवर आपला ठसा उमटवला आहे. हा धागा त्याच्याविषयी.

४/
प्रथम हा प्राणी आहे तरी काय, ते पाहू. बाहेरून पाहिले तर तो शिंपल्यांचा भाऊबंद वाटतो. प्रत्यक्षात तो खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातला, म्हणजे कवचधारी संधिपाद आहे. अंड्यातून बाहेर पडणारा त्याचा डिंभ पाण्यात मुक्तपणे पोहतो, खातो, अनेकदा कात टाकतो. शेवटी त्याला असे रूप मिळते की ज्यात तो काहीही खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगत त्याला एकच काम उरकायचे असते, ते म्हणजे उरलेल्या आयुष्यासाठी जागा शोधणे.

५/
हा शोध विलक्षण असतो. डिंभ आपल्या स्पर्शिकांवर ‘चालत’ पृष्ठभाग तपासतो. खडबडीतपणा, पाण्याचा प्रवाह, आधीपासून तेथे वस्ती करून असलेल्या स्वजातीयांचे रासायनिक संकेत हे सारे तो पारखतो. जागा पसंत पडली की स्पर्शिकांतून प्रथिनांचा गोंद स्रवतो, डोके खाली चिकटते आणि शरीराचे रूपांतर सुरू होते. भोवती चुनखडीच्या तबकड्यांचे घर उभे राहते. त्यानंतर हा जीव आयुष्यभर उलटा, डोक्यावर उभा राहतो आणि पिसांसारखे पाय घराबाहेर काढून पाण्यातले अन्नकण ओढून घेतो.

६/
एकदा जागा निवडली की पुन्हा हलता येत नाही, ही त्याच्या जीवनातील सर्वांत मोठी अडचण आहे. बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असले तरी प्रजननासाठी सहसा शेजारी लागतो, आणि त्या शेजाऱ्यापर्यंत चालत जाण्याची सोय नसते. निसर्गाने यावर दोन उपाय केले. एक म्हणजे शरीराच्या आकारमानाशी तुलना करता संपूर्ण प्राणिसृष्टीत सर्वांत लांब ठरणारे नरजननेंद्रिय. काही जातींत ते शरीराच्या आठपट लांब भरते. दुसरा उपाय म्हणजे गर्दी करण्याची प्रवृत्ती. जेथे एक, तेथे शेकडो. जहाजांच्या दृष्टीने हा दुसरा उपाय घातक ठरला.

७/
डिंभाला खडक आणि जहाज यांतला फरक कळण्याचे कारण नाही. बंदरात नांगरून पडलेले जहाज हा त्याच्यासाठी नवा, रिकामा, वर्दळ नसलेला खडकच. चालत्या जहाजावर चिकटणे कठीण, उभ्या जहाजावर सोपे. म्हणून वेढा, नाकेबंदी किंवा पावसाळी मुक्काम यांत महिनोन्महिने उभे राहिलेले जहाज सर्वाधिक ‘मळते’. गुळगुळीत तळ खडबडीत होतो, पाण्याचे घर्षण वाढते, वेग उतरतो आणि सुकाणू जड होते. शिडाच्या जहाजाला वारा काही जास्त मिळत नाही. बळ तेवढेच, ओझे मात्र वाढलेले.

८/
प्राचीन दर्यावर्दींना हा अनुभव होता, कारण मात्र ते वेगळे सांगत. ‘रेमोरा’ नावाचा छोटा मासा जहाजाला चिकटून ते जागीच रोखतो, अशी समजूत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने अ‍ॅक्टियमच्या लढाईत अँटनीचे जहाज अशाच माशाने अडवल्याचे लिहिले. प्लुटार्कच्या एका लेखनात मात्र याचा समंजस खुलासा येतो: जहाज मंदावते ते तळावर साचलेल्या शेवाळ्यामुळे आणि वाढीमुळे; मासा त्या वाढीपाशी येतो एवढेच. कार्यकारणाची उलटापालट कशी होते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

९/
उपायही जुनेच आहेत. सायप्रसजवळ सापडलेल्या, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील ‘किरेनिया’ जहाजाच्या तळावर शिशाचा पत्रा होता. इतरत्र डांबर, राळ, चरबी, गंधक यांची मिश्रणे फासली जात. सर्वांत प्रचलित पद्धत कष्टाची होती. भरतीला जहाज किनाऱ्यावर आणायचे, ओहोटीत ते एका कुशीवर कलंडवायचे, उघड्या पडलेल्या बाजूवरील वाढ जाळायची, खरवडायची, पुन्हा लेप द्यायचा; मग दुसरी कूस. हे सारे चालू असताना ते जहाज युद्धाच्या दृष्टीने निरुपयोगीच. शत्रूने त्याच वेळी गाठले तर बचाव करणेही अवघड.

१०/
मध्ययुगीन युरोपात याच जीवाभोवती एक नवल जन्माला आले. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे हंसवर्गीय पक्षी येत. त्यांची घरटी, अंडी, पिल्ले कोणी कधी पाहिली नव्हती. त्याच किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांवर लांब देठाचे बार्नेकल लोंबकळलेले असत. त्यांची कवचे चोचीसारखी, आतले पाय पिसांसारखे. लोकांनी दोहोंची सांगड घातली: हे पक्षी या लाकडांवरच पिकतात!

११/
११८८च्या सुमारास जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने आयर्लंडच्या वर्णनात ही गोष्ट स्वतः पाहिल्याच्या थाटात नोंदवली. त्याने पुढे एक मार्मिक तक्रारही केली आहे. हे पक्षी मांसापासून जन्मलेले नाहीत, असा युक्तिवाद करून आयर्लंडच्या काही भागांतील धर्माधिकारी उपवासाच्या दिवशी त्यांवर ताव मारतात, असे तो सांगतो. आज गंमत वाटेल. पण निसर्गाविषयीचे अज्ञान व्यवहारात किती सोयीचे ठरू शकते, हे या तक्रारीतून दिसते.

१२/
तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ही कथा तपासायचे ठरवले. त्याने उत्तरेकडून अशी लाकडे मागवली, त्यावरची कवचे पाहिली आणि त्यांत पक्ष्यासारखे काहीही आढळत नाही, असे बाजविद्येवरील आपल्या ग्रंथात नमूद केले. पक्षी दूर कोठेतरी अंडी घालत असावेत आणि ते ठिकाण माहीत नसल्याने ही कथा रचली गेली असावी, हा त्याचा तर्क अचूक होता. ते पक्षी ग्रीनलंड, स्पिट्सबर्गेन अशा आर्क्टिक प्रदेशांत घरटी करतात.

१३/
तर्क अचूक असला तरी कथा मेली नाही. १५९७ साली जॉन जेरार्डच्या प्रसिद्ध इंग्रजी वनस्पतिकोशाच्या अखेरीस पक्षी देणारे झाड चित्रासह अवतरले. गंमत अशी की, त्याच्या आदल्याच वर्षी विलेम बारेंट्सच्या डच मोहिमेतील खलाशांनी स्पिट्सबर्गेनवर याच पक्ष्याच्या जवळच्या भाऊबंदांना अंड्यांवर बसलेले पाहिले होते. ‘बार्नेकल’ हे नाव मुळात त्या पक्ष्याचे. कवचधारी जीवाकडे ते नंतर आले. लिनियसने देठाच्या बार्नेकलला दिलेल्या ‘लेपस अनाटिफेरा’ या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘बदके प्रसवणारा’ असाच आहे. दंतकथा शास्त्रीय नावात कायमची जाऊन बसली.

१४/
आता पुन्हा जहाजांकडे. अठराव्या शतकात ब्रिटनची जहाजे वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात वर्षानुवर्षे राहू लागली. तेथे दोन शत्रू होते: तळावर वाढणारे बार्नेकल व शेवाळ, आणि लाकूड आतून पोखरणारा जहाजकिडा. १७६१ साली ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या जहाजाच्या तळाला प्रयोग म्हणून तांब्याचे पातळ पत्रे ठोकण्यात आले. समुद्राच्या पाण्यात तांबे अतिशय मंदगतीने विरघळत राहते. ते विरघळलेले तांबे कोवळ्या डिंभांना विषासारखे बाधते, आणि पृष्ठभाग सतत झिजत असल्याने चिकटलेले जीवही टिकत नाहीत.

१५/
१७६३ साली तपासणी झाली तेव्हा तळ स्वच्छ होता. पण नवी आपत्ती उघड झाली. जहाज सांधणारे लोखंडी खिळे आणि बिजागऱ्या जागोजागी गंजून खलास झाल्या होत्या. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना भिडले की लोखंड झपाट्याने गंजते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद जेथे चुकून मध्ये राहिला होता, तेथील लोखंड मात्र शाबूत होते. व्होल्टाने विद्युत्घट बनवण्याच्या सुमारे ३७ वर्षे आधीची ही नोंद. परिणाम दिसला, कारण समजण्यास पुढची पिढी उजाडली.

१६/
अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स, स्पेन आणि पुढे नेदरलँड्स ब्रिटनविरुद्ध उतरले. जहाजांची संख्या अपुरी पडू लागली. नौदलाचा कंट्रोलर चार्ल्स मिडलटन याने १७७९मध्ये आग्रह धरला की सर्व आरमाराला तांबे चढवा. यामागचा हिशेब सरळ होता: नवी जहाजे बांधायला वर्षे लागतात; आहेत तीच जहाजे कमी वेळा गोदीत आली, तर समुद्रावरील संख्या आपोआप वाढते. पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक आरमार तांब्याने मढले. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पॅरिस माउंटनच्या खाणींची त्यामुळे भरभराट झाली.

१७/
या घाईची किंमत असू शकत होती. सप्टेंबर १७८२मध्ये अटलांटिकमधील भीषण वादळात ब्रिटिश ताफ्यातील अनेक जहाजे बुडाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. वादळ हे कारण उघड होते. तरी तांब्याखाली गंजलेल्या लोखंडी खिळ्यांविषयीची भीती बळावली. १७८३पासून नौदलाने लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे, घडवून कठीण केलेले खिळे वापरण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा कोठे ही पद्धत निर्धोक झाली. बार्नेकल टाळण्यासाठी शेवटी जहाजाचा सांधा न् सांधा बदलावा लागला होता.

१८/
याच युद्धाची एक आघाडी हिंदी महासागरात होती, आणि तेथे मुंबईचे महत्त्व दिसून येते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरी छावणीला नेण्याची शिस्त मराठ्यांकडेही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तिचा विचार आहे. विजयदुर्गाच्या परिसरात, वाघोटण खाडीकाठी खडक कोरून केलेल्या आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आजही आहेत. जहाज पाण्याबाहेर काढून त्याचा तळ पाहणे ही प्रत्येक दर्यासत्तेची गरज होती.

१९/
मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १७५०मध्ये सुकी गोदी उभारली. सुरतेहून १७३६ साली आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज तेथील मुख्य कारागीर. फ्रेंचांकडे हिंदी महासागरात या तोडीची सोय नव्हती. १७८२च्या अखेरीस, सफ्रनशी चार लढाया करून थकलेले अ‍ॅडमिरल ह्यूजचे ताफे दुरुस्तीसाठी मुंबईला आले. सफ्रनला मात्र सुमात्रातील आचेच्या उघड्या बंदरावर भागवावे लागले. सफ्रन रणांगणी अधिक कल्पक होता, असे अनेक नौइतिहासकार मानतात. त्याच्या पाठीशी गोदी नव्हती, आणि त्याच्या काही जहाजांना तांबेही नव्हते.

२०/
वाडियांचे मलबारी सागवान कुजण्याला दाद देत नसे. बार्नेकलला मात्र सागवान काय आणि ओक काय, सारखेच. म्हणून मुंबईत बांधलेल्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे इंग्लंडहून येत. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ ही ब्रिटिश युद्धनौका नष्ट केली. मुंबईत तयार होत असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठीचे तांबे तिच्यावर होते. ‘ट्रिंकोमाली’ या दुसऱ्या जहाजाचे आराखडेही तिच्याबरोबर गेले. ‘ट्रिंकोमाली’ अखेर १८१७मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत उभी आहे.

२१/
तांबे झिजते आणि महाग पडते, म्हणून नौदलाने हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला साकडे घातले. त्याने १८२४मध्ये उपाय सुचवला: तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडा, ते स्वतः गंजतील आणि तांबे वाचेल. शास्त्र अगदी बरोबर होते. तांबे झिजायचे थांबले. आणि न झिजणाऱ्या तांब्यावर बार्नेकल सुखेनैव वाढू लागले! झिजणे हेच तांब्याचे सामर्थ्य होते. डेव्हीचे तुकडे जहाजांवरून काढावे लागले. त्याच तत्त्वावर आज मात्र पोलादी जहाजे आणि जमिनीखालच्या नळवाहिन्या गंजण्यापासून वाचवल्या जातात.

२२/
इतके होऊनही हा प्राणी नेमका कोण, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकापर्यंत चुकीचेच होते. लिनियस आणि क्युव्हिए या दोघांनीही त्याला शिंपल्यांबरोबर मृदुकायांत बसवले होते. आयर्लंडमधील कॉर्क येथे नेमणुकीवर असलेला लष्करी शल्यविशारद जॉन व्हॉन थॉम्पसन समुद्रातून बारीक जाळीने सूक्ष्म जीव गोळा करी. असा एक पोहणारा, कोळंबीसारखा डिंभ भांड्यात ठेवला असता तो चिकटून बार्नेकल झाल्याचे त्याला दिसले. १८३०मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. प्रौढ प्राण्याचे कवच पाहून जे कळले नव्हते, ते त्याचे बालपण पाहून कळले.

२३/
थॉम्पसनने दाखवलेल्या वाटेवरून सर्वांत दूरवर गेला चार्ल्स डार्विन. १८३५मध्ये चिलीच्या चोनोस द्वीपसमूहात त्याला एका शंखात भोके पाडून राहणारा, स्वतःचे कवच नसलेला सूक्ष्म बार्नेकल सापडला होता. १ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याने त्याचे वर्णन लिहायला घेतले. काम थोड्या महिन्यांचे वाटत होते. तुलनेसाठी दुसऱ्या जाती पाहाव्या लागल्या, मग तिसऱ्या. हे काम १८५४पर्यंत चालले. जगभरच्या संग्रहांतून नमुने त्याच्या डाउन गावच्या घरी येत. जहाजांच्या तळांवर सर्रास आढळणाऱ्या जातीही त्याच्या अभ्यासात होत्या.

२४/
निसर्गनिवडीच्या कल्पनेचा विस्तृत मसुदा त्याने १८४४मध्येच लिहून ठेवला होता. मग ही आठ वर्षे वाया गेली का? १८४५मध्ये त्याचा मित्र जोसेफ हूकर याने पत्रात म्हटले होते की, अनेक जातींचे बारकाईने वर्णन ज्याने केले नाही, त्याला जातींच्या प्रश्नावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही. हूकरचा रोख दुसऱ्याच एका लेखकाकडे होता. डार्विनने मात्र ते मनाला लावून घेतले. बार्नेकलने त्याला तो अधिकार मिळवून दिला.

२५/
त्याला काय दिसले? ‘इब्ला’ या बार्नेकलच्या मादीच्या अंगावर त्याला परजीवी वाटणारे बारीक कण आढळले. ते तिचे नर निघाले. दुसऱ्या एका प्रजातीत उभयलिंगी प्राण्यांच्या अंगावरही असे पूरक नर होते. उभयलिंगी अवस्थेकडून स्वतंत्र नर-मादीकडे जाणाऱ्या वाटेवरचे टप्पे जणू त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली मांडून ठेवलेले होते. शिवाय एकाच जातीत प्रत्येक अवयव थोडाफार बदलता असतो, हेही त्याला पावलोपावली दिसले. निसर्गनिवडीला कच्चा माल लागतो तो हाच फरक.

२६/
ही वर्षे सुखाची नव्हती. प्रकृती ढासळलेली होती. एप्रिल १८५१मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी कन्या अ‍ॅनी वारली. १८५२च्या एका पत्रात तो वैतागून लिहितो की, संथ जहाजावरच्या खलाशालाही नसेल इतका आपल्याला बार्नेकलचा तिटकारा आला आहे. खलाशी आणि शास्त्रज्ञ यांचे दुखणे एकच, हे त्यालाही जाणवले होते. वडील बार्नेकल तपासतात हे नेहमीचेच पाहून, त्याच्या एका मुलाने शेजाऱ्यांविषयी ‘ते त्यांचे बार्नेकल कोठे करतात?’ असे विचारल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

२७/
१८५३मध्ये रॉयल सोसायटीने या कामाचा रॉयल मेडल देऊन गौरव केला. डार्विनच्याही हातून चूक झाली होती. गोंद तयार करणाऱ्या ग्रंथींचा संबंध त्याने अंडाशयाशी जोडला होता. ऑगस्ट क्रोन या संशोधकाने १८५९मध्ये ती चूक दाखवून दिली. तरीही बार्नेकलच्या वर्गीकरणाचा पाया आजही डार्विनचे ग्रंथच आहेत. भारतीय बंदरांतही विपुल आढळणाऱ्या, जांभळ्या पट्ट्यांच्या ‘अ‍ॅम्फिट्राइट’ बार्नेकलचे नामकरण त्यानेच १८५४मध्ये केले. त्यानंतर पाचच वर्षांनी जातींच्या उगमावरील त्याचा ग्रंथ आला.

२८/
दरम्यान जहाजे लोखंडाची झाली आणि बार्नेकलला पुन्हा संधी मिळाली. लोखंडावर थेट तांबे ठोकता येत नव्हते. ठोकले तर जहाजच गंजणार. १८६९चे ‘कटी सार्क’ हे चहाचे वेगवान जहाज या पेचावरचा एक तोडगा होता: सांगाडा लोखंडी, फळ्या लाकडी आणि त्यांवर तांबे-जस्ताच्या ‘मुंट्झ धातू’चे पत्रे. पूर्ण लोखंडी जहाजांसाठी विषारी रंगांचा शोध सुरू झाला.

२९/
या काळातील सर्वांत विदारक प्रसंग रशियन आरमाराचा. ऑक्टोबर १९०४मध्ये बाल्टिक समुद्रातून निघालेला रोझेस्तवेन्स्कीचा ताफा अर्धी पृथ्वी वळसा घालून जपानकडे निघाला. मादागास्करच्या उष्ण पाण्यात तो सुमारे दोन महिने खोळंबला. वाटेत मोठ्या जहाजांसाठी गोदी उपलब्ध नव्हती. मे १९०५मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत तो पोहोचला, तेव्हा जहाजांचे तळ वाढीने माखलेले होते. अ‍ॅडमिरल टोगोची जहाजे नुकतीच गोद्यांतून निघालेली आणि कितीतरी वेगवान होती. पराभवाची कारणे अनेक: प्रशिक्षण, दारूगोळा, जड मालवाहू जहाजे. मळलेले तळ हे त्यांतलेच एक.

३०/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजय मिळाल्यासारखे वाटले. ट्रायब्युटिल टिन या रसायनाचे रंग १९६०च्या दशकापासून पसरले आणि जहाजांचे तळ वर्षानुवर्षे स्वच्छ राहू लागले. मग फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोसळली. कवचे वेडीवाकडी होऊ लागली. इतरत्र सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. कारण तेच रसायन होते. फ्रान्सने १९८२मध्ये निर्बंध घातले. आंतरराष्ट्रीय करार २००१मध्ये संमत होऊन २००८मध्ये लागू झाला. एका चिवट जीवाला मारण्यासाठी समुद्रात सोडलेले विष त्याच्या निरुपद्रवी शेजाऱ्यांना मारत होते.

३१/
म्हणजे प्रश्न आजही जिवंत आहे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अमेरिकी नौदलाच्या केवळ एका वर्गाच्या विनाशिकांवर या वाढीमुळे वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, आणि त्यातला बहुतांश जादा इंधनाचा असतो. जादा इंधन म्हणजे जादा धूर. शिवाय जहाजांबरोबर बार्नेकलही प्रवास करतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडील एक जात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या किनाऱ्याला पोहोचली आणि तेथे स्थायिक झाली. आरमारांच्या इतिहासाला अशी एक जैविक पुरवणीही आहे.

३२/
माणसाने या जीवाकडून घेतलेलेही पुष्कळ आहे. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात देठाचे बार्नेकल, म्हणजे ‘पेर्सेबेस’, ही महागडी मेजवानी आहे. ते मिळवण्यासाठी माणसे लाटांच्या तोंडी, निसरड्या कड्यांवर उतरतात आणि काही परतत नाहीत. ओल्या, घाणेरड्या पृष्ठभागावरही घट्ट बसणाऱ्या त्याच्या गोंदाचा अभ्यास करून २०२१मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी रक्ताळलेल्या जखमेला काही सेकंदांत चिकटून रक्तस्राव थांबवणारा लेप प्रयोगशाळेत दाखवला. जो चिकटपणा खलाशांनी तीन हजार वर्षे शिव्या देत खरवडला, तोच शल्यविशारदाच्या कामी येऊ पाहत आहे.

३३/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बार्नेकलचे कवच थराथराने वाढते, आणि प्रत्येक थराच्या रासायनिक घडणीत त्या वेळच्या पाण्याच्या तापमानाची खूण राहते. देवमाशांच्या अंगावरील बार्नेकलांच्या जीवाश्मांवरून त्यांच्या प्राचीन स्थलांतराचे मार्ग शोधले गेले आहेत. ८ मार्च २०१४ रोजी २३९ माणसांसह नाहीसे झालेल्या मलेशियन विमानाचा एक तुकडा जुलै २०१५मध्ये रेयुनियन बेटावर वाहून आला. त्यावर ‘लेपस’ जातीचे बार्नेकल होते. त्यांच्या कवचांवरून तो तुकडा कोणत्या पाण्यातून आला, हे वाचण्याचा प्रयत्न संशोधक करत आहेत.

३४/
तहनामे, रोजनिशा आणि दरबारी पत्रे यांत या जीवाचा उल्लेख क्वचितच सापडतो. तो सापडतो गोदीच्या हिशेबात, तांब्याच्या खरेदीत, ‘जहाज मंद चालते’ या कप्तानाच्या त्रासिक शेऱ्यात. एखाद्या मोहिमेचा इतिहास वाचताना सेनापतीचे नाव, तोफांची संख्या आणि वाऱ्याची दिशा यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ही जहाजे शेवटची गोदीत कधी गेली होती? अनेक लढायांचा निकाल त्या उत्तराने थोडा अधिक स्पष्ट होतो.